अंदाजाचं वजन: खान्देशी घरातल्या पाककृती वहीत कशा उतरवाव्यात

काळ्या मसाल्यात धणे किती, असं खान्देशातल्या कुठल्याही जुन्या सुगरणीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘टाकते अंदाजानं.’ यात लपवाछपवी नसते. चाळीस वर्षं दोन्ही वेळ केलेलं काम बोटांत मुरलेलं असतं, ते तोंडावाटे निघत नाही. म्हणून वही-पेन घेऊन समोर बसलं की हाती लागते ती सामानाची यादी. तिच्यावरून केलेली भाकरी चिरते आणि मग ‘आईच्या हाताची चव वेगळीच’ असं म्हणून प्रकरण मिटवलं जातं. चव हाताची असते हे खरंच, पण हात काय करतो ते बरंचसं मोजता येतं. जे मोजता येत नाही, ते बहुतेक बिघडलेलं सावरण्यात असतं. कुरडईचा चीक पातळ झाला, बट्टी तेलात फुटली, पिठाची विरी (धरून ठेवण्याची ताकद) गेली, अशा वेळी घरची बाई काय करते ते ज्या वहीत नाही, ती वही अपुरी.

आधी रोजचं, मग सणाचं

बहुतेक जण सुरुवात खापरावरच्या मांड्यांपासून करतात, कारण ते दिमाखाचे. पण मांडे, सांजोऱ्या, अनारसे यांना चटकन धोका नसतो. सणाचा पदार्थ चार-पाच जणी मिळून करतात आणि त्यातल्या एकीला तरी तो आठवतोच. आधी नाहीसा होतो तो रोजचा पदार्थ: उडदाची घुटलेली डाळ, मिरचीचा खुडा (ठेचा), डुबुकवडे, शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून कच्चं शेंगदाणा तेल घेऊन खायची खिचडी. ‘त्यात काय लिहायचं?’ म्हणून या गोष्टी कोणी लिहीत नाही आणि एका पिढीत त्या जातात.

स्वयंपाकघराच्या दाराला एक कोरा कागद चिकटवा. महिनाभर दोन्ही वेळेला जे शिजलं त्याचं फक्त नाव लिहायचं. महिन्याच्या शेवटी जी पंचवीस-तीस नावं जमतील ती तुमच्या वहीची पहिली यादी.

हंगामी पदार्थांचं वेळापत्रक वेगळं करावं लागतं, कारण ते मोजायची संधी वर्षातून एकदाच येते. भरताचा काळ कडाक्याच्या थंडीचा, मार्गशीर्ष-पौषाचा. कुरडया, बिबडे (ज्वारीचं वाळवण), पापड फाल्गुन-चैत्रात. मसाला आणि तिखट ऊन तापलं की, म्हणजे चैत्र-वैशाखात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सांजोऱ्या, आमरस आणि मांडे. श्रावणात कानबाईचे (खान्देशातल्या देवीचे) रोट. एप्रिलमध्ये मसाल्याचा दिवस हुकला तर पुढचा एप्रिल उजाडेपर्यंत थांबा. घरात करणारी बाई सत्तरीच्या पुढे असेल तर हे वेळापत्रक आजच भिंतीवर लागलेलं बरं.

काटा, आणि तो कसा वापरायचा

पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. लवंग, दगडफूल, हिंग यांच्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तम. नसेल तर पाच ग्रॅमपेक्षा कमी लागणाऱ्या जिनसा मोठ्या घाण्याच्या (एका वेळी केलेल्या खेपेच्या) वेळीच मोजा, कारण मोठ्या काट्यावर दोन ग्रॅमचे तीन व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाची रीत ही: करणाऱ्या बाईच्या हातातून जिन्नस काढून घेऊन तोलू नका. तिला थांबवलं की ती विचार करून घालू लागते आणि अंदाज बिघडतो. त्याऐवजी डबेच तोला. स्वयंपाकाआधी मिठाचा, तिखटाचा, मसाल्याचा, तेलाचा डबा तोलून आकडा लिहा. स्वयंपाक झाल्यावर पुन्हा तोला. मिठाचा डबा आधी ६१२ ग्रॅम होता आणि नंतर ५९७ भरला, तर १५ ग्रॅम मीठ गेलं. तिला कळतही नाही आणि हिशेब चोख मिळतो. पिठाचं तसंच: परात रिकामी तोला, पीठ घेतल्यावर तोला, मळून झालेला गोळा परातीसकट तोला. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाणी. पाणी किती हे कुठल्याच बाईला सांगता येत नाही, आणि भाकरी-बट्टीचं सगळं भवितव्य त्याच्यावर असतं.

मूठ, चिमूट आणि ओंजळ मोजायची युक्ती सोपी आहे. दहा मुठी ज्वारी परातीत टाकायला सांगा, वजन करा, दहाने भागा. मग दहा मुठी पिठाच्या, दहा डाळीच्या. प्रत्येक जिनसाची मूठ वेगळी भरते, म्हणून एका मुठीचं वजन दुसरीला लावू नका. चिमटीसाठी वीस चिमटी मीठ घ्या आणि विसाने भागा. वहीच्या पहिल्याच पानावर ‘मोठ्या आईची मूठ’ असा तक्ता करून ठेवा. पुढे दर पानाला तो लागतो.

घरात पितळी माप असेल तर त्यात पाणी भरून ते मिलिलिटरमध्ये मोजा. नंतर त्यातच ज्वारी, गहू, उडीद भरून प्रत्येकाचं वजन लिहा. माप सपाट भरायचं की शिगेनं (वर ढीग करून), हे विचारायला विसरू नका, कारण शिगेनं फार फरक पडतो. चार शेरांची पायली हा हिशेब धान्याच्या मापाचा. जुन्या वहीत ‘पाव शेर’ दिसला तर तो मापाचा की वजनाचा ते आधी ठरवा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पाव शेर सुमारे २३३, छटाक ५८ आणि तोळा ११.६६ ग्रॅम. कच्चा शेर याहून लहान आणि गावागणिक वेगळा. दशमान वजनं देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा त्याआधीच्या आणि लगतच्या वर्षांतल्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवायचं. त्या वह्यांमधला ‘शेर’ सरसकट किलो धरला की लोणचं खारट होतं.

भांडंही लिहा. तवा लोखंडी की बिडाचा, पातेलं पितळी की जर्मनचं, तोंडाचा घेर किती इंच. चूल असेल तर सरपण कोणतं, गॅस असेल तर बर्नर लहान की मोठा. जाड पितळी पातेल्यातलं ‘दहा मिनिटं मंद’ पातळ स्टीलमध्ये करपतं.

काय विचारावं

‘किती?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, तो काट्याचा प्रश्न आहे. बाईला विचारायचे प्रश्न वेगळे. हे कमी पडलं तर काय होतं? जास्त झालं तर कसं सावरता? झालं हे कशावरून ओळखता, वासावरून, आवाजावरून की रंगावरून? वीस पाहुणे आले तर यातलं काय वाढवत नाही? सासूबाई कसं करायच्या आणि तुम्ही काय बदललंत?

शेवटच्या प्रश्नाला खूप काही मिळतं. पाट्यावरून मिक्सरवर आल्यावर वाटणात पाणी वाढलं, चुलीवरून गॅसवर आल्यावर खोबरं काळपट होण्याऐवजी नुसतं तांबूस राहू लागलं, दादर ज्वारी (जुनं देशी वाण) मिळेना म्हणून संकरित आली, असे बदल बाई सहज सांगून जाते. तेच पानावर हवेत. दादर आणि संकरित ज्वारी एकाच पानावर नुसतं ‘ज्वारी’ म्हणून लिहिली तर पुढच्या पिढीला भाकरीची चव का जमत नाही ते कधीच कळणार नाही.

पदार्थ सासरचा की माहेरचा हेही नोंदवा. एकाच घरात दोन तालुक्यांच्या दोन पद्धती नांदत असतात आणि सून आपल्या माहेरची पद्धत बऱ्याचदा गुपचूप चालवते. नोंद करताना त्यात कमीपणा नाही हे तिला कळू द्या.

नमुन्याचं पान: कळण्याची भाकरी

कळणा म्हणजे मूळचं डाळ भरडताना उरणारी टरफलं-चुरी. आता बहुतेक घरांत ज्वारीत अख्खे काळे उडीद घालूनच दळून आणतात. एक चालणारं प्रमाण असं: ज्वारी ४ किलो, अख्खे काळे उडीद १ किलो, जाडं मीठ ६० ग्रॅम. काही घरांत २० ग्रॅम मेथीदाणे असतात, काही घरांत उडीद सव्वा किलोपर्यंत जातात. तुमच्या घरचा आकडा निराळा असेल तर तोच खरा. गिरणीत किंचित रवाळ दळायला सांगायचं. अगदी मऊ दळलं तर भाकरी तोंडात चिकटते.

एका भाकरीला पीठ ११० ग्रॅम, कोमट पाणी ८५ ते ९५ मिलिलिटर. नवं पीठ पाणी कमी घेतं, जुनं जास्त. आधी दोन तृतीयांश पाणी घालून मळायचं आणि उरलेलं हाताच्या तळव्यानं रगडत थोडं थोडं जिरवायचं. चांगलं मळलेलं पीठ परातीला चिकटत नाही आणि बोटानं दाबल्यावर कडेला चिरत नाही. थापून तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं. ते पाणी सुकत आलं, पण पुरतं वाळलं नाही, अशा वेळी उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात आणि फुगत नाही.

बिघाड: कडा फाटतात, कारण पीठ जुनं होऊन विरी गेली. थोडं पीठ उकळत्या पाण्यात मळून बाकीच्यात मिसळलं तर काम चालतं. कळण्याचं पीठ पंधरा दिवसांहून जास्त ठेवू नये. भाकरी जड आणि चिकट झाली तर उडीद जास्त झाले, पुढच्या दळणाला कमी करायचे. फुगली नाही तर तवा पुरता तापलेला नव्हता किंवा भाकरी एका बाजूला जाड होती.

सोबतच्या खुड्याचं पान वेगळं करा. त्यात एवढं नक्की हवं: मिरची भाजलेली की तेलात परतलेली, दाणे घालतात की नाही, आणि तो खलबत्त्यात कुटला की तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडला. चव इथेच बदलते.

भरीत: मोजावं तसं नि मोजू नये तसं

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, हिरवट-पांढरं, कमी बियांचं वांगं. वांगं निवडणं हाच पाककृतीचा पहिला टप्पा, म्हणून लिहिताना ‘वांगी १ किलो’ एवढ्यावर थांबू नका: देठ हिरवा आणि ताजा, वजनाला हलकं (जड वांग्यात बिया जास्त), साल तुकतुकीत.

वांग्यांना सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचून पऱ्हाट्यांच्या किंवा तुरकाट्यांच्या जाळावर भाजायची. कपाशीच्या काड्यांचा जाळ झटकन पेटतो आणि मोठा लागतो, त्यामुळे साल पूर्ण काळी होईतो आतला गर शिजून निघतो. गॅसवर साल आधी जळते आणि आत देठाजवळ कच्चं राहतं. त्या कच्च्या भागामुळे भरीत कडसर लागतं आणि दोष मात्र वांग्याला दिला जातो. गॅसच करायचा असेल तर मंद आचेवर वरचेवर फिरवत भाजून नंतर दहा मिनिटं झाकून ठेवायचं. देठाजवळ सुरी लोण्यासारखी शिरली पाहिजे.

एक किलो वांग्यांचा सोललेला गर साधारण सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम भरतो. पुढची सगळी प्रमाणं कच्च्या वांग्यावर नव्हे तर गरावर लिहा, कारण भाजण्यात किती घटतं ते रोज वेगळं असतं. ६०० ग्रॅम गराला हिरव्या मिरच्या ६० ते ८० ग्रॅम, लसूण २५ ग्रॅम, कांद्याची पात १५० ते २०० ग्रॅम, कोथिंबीर मूठभर, शेंगदाणे ४० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप २० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, मीठ ९ ते १० ग्रॅम. बडगीत (लाकडी उखळीत) आधी मिरची-लसूण-मीठ ठेचायचं, मग गर. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याची लापशी होते आणि बिया फुटून चव उतरते. गर ठेचला पाहिजे, वाटला नाही पाहिजे. दाणे-खोबरं तेलात परतून, पात घालून, ती मऊ होण्याआधी गर मिसळायचा. पात पुरती शिजली तर पाणी सुटतं आणि भरीत पसरतं.

इथे मोजायचं नाही असं एकच: किती ठेचायचं. त्याचा व्हिडिओ घ्या, एक मिनिटाचा पुरतो. आवाज कसा बदलतो ते त्यात ऐकू येतं, वहीत ते लिहून कळत नाही.

कुरडया, आणि वाळवणातला मिठाचा घोळ

एक किलो गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. फाल्गुनात हवा गार असेल तर चौथा दिवसही लागतो. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध निघालं पाहिजे. वाटून, कापडातून गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर पाणी अजिबात न हलवता काढून टाकायचं. चुका इथेच होतात. पाणी थोडं राहिलं तर पुढे ‘जेवढा चीक तेवढं पाणी’ हा हिशेब खोटा पडतो आणि सोऱ्यातून तार न येता पातळ चीक गळतो. म्हणून चीक भांड्यासकट तोला, शिवाय तो किती दाट होता ते शब्दात लिहा: पळी उभी राहते, की घसरते.

पाण्यात मीठ घालून उकळी आली की चीक बारीक धारेनं सोडत सतत ढवळायचं. मग झाकून मंद आचेवर वाफ द्यायची. रंग पांढऱ्यावरून काचेसारखा पारदर्शक झाला आणि ओल्या बोटाला चिकटला नाही की शिजला. कच्चा काढला तर कुरडई वाळताना तडकते. गरमच सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाब जास्त लागतो आणि तार तुटते.

मीठ ओल्या चिकात चाखून बरोबर वाटलं तर वाळल्यावर कुरडई खारट होणार हे पक्कं. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. बिबडे, ज्वारीचे पापड, नागलीचे पापड, सगळ्या वाळवणांना हेच लागू. ‘अळणी वाटेल इतकं’ असा शब्द जुन्या बायका वापरतात. तो शब्द लिहा आणि शेजारी ग्रॅमही लिहा.

बिबड्यांच्या पानावर ज्वारी किती दिवस भिजली, पाणी किती वेळा बदललं, कोंडा कसा काढला आणि घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) शिजला हे कशावरून ओळखलं, या चार गोष्टी नसतील तर बाकी आकडे कामाचे नाहीत. ऊन किती लागलं तेही टाका: ‘चैत्र, दोन कडक ऊन’ एवढं बस.

काळा मसाला: धणे शंभर धरा

मसाल्याची पाककृती किलोत लिहिली तर तेवढाच घाणा करता येतो. धणे १०० धरून बाकी सगळं त्या प्रमाणात लिहा. समजा घरच्या घाण्यात धणे ५०० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ ५० आणि जिरे ७५ निघाले, तर वहीत धणे १००, खोबरं ५०, तीळ १०, जिरे १५. मग दोनशे ग्रॅम धण्यांचा मसालाही त्याच चवीचा होतो. लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान (चक्रफूल), जायपत्री, नाकेशर, शहाजिरे, दगडफूल, तमालपत्र, खसखस, सुंठ, हळकुंड, हिंग, ज्या घरात जे असेल ते. मिरची मसाल्यातच कुटतात की तिखट वेगळं ठेवतात हे ठळक लिहा, नाहीतर भाजी करणारा दोन्ही घालून मोकळा होईल.

भाजण्याचा क्रम प्रमाणाइतकाच महत्त्वाचा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, थोड्या तेलावर. धणे करपले की सगळा मसाला कडू आणि त्यावर उपाय नाही, तो घाणा बाजूला काढावा लागतो. खोबरं मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत, कोळसा नाही. खसखस आणि तीळ शेवटी, नुसत्या तापलेल्या कढईत, कारण ते क्षणात उडतात आणि जळतात. हिंग तेलात फुलवून. दगडफुलात माती-खडे असतात, ते आधी झटकून निवडून घ्यायचं. जायफळ भाजायचं नाही, किसून शेवटी.

कच्चं वजन आणि भाजल्यावरचं वजन, दोन्ही लिहा. किती घटलं त्यावरून भाजणं कमी-जास्त झालं का ते पुढच्या वर्षी ताडता येतं. कांडपावर आपल्या आधी कोणाचा मसाला कुटला हे बघा आणि आपला पहिला मूठभर बाजूला काढा. कुटून आल्यावर मसाला गरम असतो. तसाच बरणीत भरला की आत घाम येतो, गुठळ्या होतात आणि श्रावणात बुरशी धरते. परातीत पसरून पूर्ण निवल्यावर चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे.

प्रमाण गुप्त ठेवायचं असेल तर तो घरच्या बाईचा हक्क. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. ‘घरातलंच आहे’ म्हणून परस्पर टाकणं बरं नव्हे.

कानबाईचे रोट: जिथे ग्रॅम दुय्यम

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य घेतलं जातं. इथे मूठ हेच माप आहे. ते ग्रॅममध्ये बदलून टाकणं म्हणजे रीतच मोडणं. तरी वजन करून शेजारी लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी मूठ कोणाची असेल सांगता येत नाही, आणि पुरणाला गूळ किती लागेल हे मात्र आधी कळायला हवं. गहू-डाळीचं प्रमाण, दळण घरच्या जात्यावर की गिरणीत, रोट कोणी खायचे आणि कधीपर्यंत संपवायचे, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, हे सगळं एकाच पानावर. घराघरांत यात फरक असतो. शेजारच्या घरची रीत आपल्या पानावर ‘बरोबर’ म्हणून लिहू नका.

पंगतीचा हिशेब

वरण-बट्टीसारखा पदार्थ घरी पाच जणांना आणि पंगतीला पाचशे जणांना होतो, आणि सरळ गुणाकार इथे फसतो. घरच्या प्रमाणात जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ ५०० ग्रॅम, तेलाचं मोहन ६० ते ७० ग्रॅम, ओवा ५ ग्रॅम, मीठ ८ ते १० ग्रॅम, हळद, आणि घट्ट मळण्यापुरतं पाणी, साधारण २२० ते २५० मिलिलिटर. पिठाचे उंडे (लांबट गोळे) वाफवायचे, वीस-पंचवीस मिनिटांनी सुरी कोरडी निघाली की काढायचे, पूर्ण निवल्यावर कापून तळायचे. मोहन जास्त झालं की तेलात फुटतात, कमी पडलं की दगड होतात, गरम कापले की चुरा होतो. मोठ्या घाण्यात मोहन आणि मीठ त्याच पटीत वाढवता येतं, पण वरणातलं तिखट आणि हिंग नाही, आणि मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं म्हणून पाणीही नाही. वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं. तिच्याकडून दोन पानं स्वतंत्र लिहून घ्या: ‘घरचं’ आणि ‘पाहुण्यांचं’.

चार फेऱ्या

एका पदार्थासाठी चार वेळा बसावं लागतं. पहिल्यांदा नुसतं पाहायचं, फोन खिशात. दुसऱ्यांदा डबे तोलायचे. तिसऱ्यांदा पान समोर ठेवून तुम्ही करायचं, आणि तिनं शेजारी बसून हात न लावता पाहायचं. तिला हे फार अवघड जातं. ती न राहवून जे जे बोलते, ‘आता नको’, ‘अजून जरा’, ‘गॅस कमी कर’, ते सगळं जसंच्या तसं लिहा. वहीत नसलेली गोष्ट बहुधा याच वाक्यांतून निघते. ही फेरी टाळणाऱ्यांच्या वह्या हमखास अर्धवट राहतात. चौथ्यांदा ते पान पुण्या-नाशिकला राहणाऱ्या नणंदेला किंवा भाच्याला पाठवायचं आणि फोनवर काही न सांगता करायला लावायचं. तो जिथे अडला तिथे वाक्य कमी आहे.

शब्द तिचेच ठेवा. अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीत, तावडीत (जळगावकडच्या बोलीत) बोलत असेल तर तावडीत, आणि समासात प्रमाण मराठीतला अर्थ. ‘विरी’, ‘शीग’, ‘घुटणं’, ‘खुडणं’ या शब्दांना ‘चिकटपणा’, ‘ढवळणं’ असे पर्याय घातले की नेमकेपणा जातो. घुटणं म्हणजे ढवळणं नव्हे, रवीच्या किंवा पळीच्या पाठीनं डाळ भांड्याच्या बुडाशी दाबत मोडणं आहे.

मूळ वही कपाटात, स्वयंपाकघरात तिची छायाप्रत प्लास्टिकच्या पिशवीत. ओला हात लागला की शाईचं पेन पसरतं, म्हणून बॉलपेन वापरा. प्रत्येक पानावर तारीख, करणाऱ्या बाईचं नाव, ती ज्या गावची ते गाव, आणि तिला कोणी शिकवलं ते नाव. फोनमधल्या ध्वनिमुद्रणाच्या फाइलला नाव देताना वर्ष, महिना, पदार्थ आणि बाई असा क्रम ठेवला की दहा वर्षांनी सापडतं. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ सापडत नाही.

बाईच उरली नसेल तर

तेव्हा घरातल्या वस्तूंना विचारा. किराण्याच्या जुन्या चिठ्ठ्या डब्यांत, पोथीत, देवघराच्या खणात निघतात. मसाल्याच्या महिन्याची एक चिठ्ठी मिळाली तरी निम्मं प्रमाण हाती आलं. गिरणीवाल्याला त्या घरचं दळण आठवतं: उडीद किती असायचे, रवाळ की मऊ. परातीचा घेर, खापराचा आकार, पितळी मापाची भर यांवरून घाणा केवढा असे ते काढता येतं. सोबत तो पदार्थ लहानपणापासून खाल्लेली किमान तीन माणसं गोळा करा, नणंद, दीर, चुलत जाऊ, कोणीही. एकाच दिवशी तीन लहान घाणे करायचे, प्रत्येकात एकच गोष्ट बदलून: एकात खोबरं जास्त भाजलेलं, दुसऱ्यात धणे कमी, तिसरा चिठ्ठीप्रमाणे. कोणता कोणता ते न सांगता खायला द्यायचं. ‘आईचा असा नव्हता’ एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारायचं: जास्त तिखट होता, जास्त काळा, की पातळ? उत्तर मिळेल तसा पुढच्या खेपेला एकेक जिन्नस सरकवायचा. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही पानं ठेवायची, वर ज्याच्या-त्याच्या नावासह.